आधी आवाज, मग चित्र

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमची अक्का लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय सत्तरीच्या पुढे, पण रानात एक चक्कर मारल्याशिवाय अजून तिला घास गोड लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने जुने गाव जमीनदोस्त केले. त्यानंतर नव्या जागेवर जे गाव वसले, तिथे तिचे घर आहे. सिमेंटच्या भिंती, वर स्लॅब. घर भक्कम आहे. मोबाइलची रेंज मात्र उंबऱ्यापाशीच थबकते.

तर झाले असे, की एका संस्थेने त्या गावात तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्याची सोय सुरू केली. संस्थेचे नाव घेण्यात अर्थ नाही, कारण हेतू निर्मळ होता. समाजमंदिरात एक टेबल, त्यावर टॅब, नावे लिहून घ्यायला एक मुलगी आणि पलीकडे, पुण्यात बसलेले डॉक्टर. अक्काला घेऊन मीच गेलो होतो. मागच्या बाकावर बसून कौतुकाने पाहत होतो. चित्र तर इतके सुरेख, की डॉक्टरांच्या मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचता यावी. आवाज मात्र रेडिओचा काटा दोन केंद्रांच्या मधे अडकावा तसा येत होता. अक्का मागे वळून मला म्हणाली, ‘‘काय बोलूलालेत की! अर्धं कळतंय, अर्धं न्हाई.’’

डॉक्टरांनी काहीतरी विचारले. अक्काच्या कानी पडले एवढेच : ‘‘आजी, चालता... का?’’ ती ठसक्यात म्हणाली, ‘‘चालते की! रोज रानापातूर जाते.’’ डॉक्टरांनी मान डोलावली. पाच मिनिटांत सगळे आटोपले. हातात एक छापील कागद आला. तो मी घडी करून खिशात ठेवला आणि विसरलो.

बाराव्या दिवशी रात्री अक्काला आडवे होता येईना. बसून बसून तिने रात्र काढली. पहाटे जीप करून सोलापूरला नेले. हृदय थकले होते, फुप्फुसात पाणी साठले होते. ‘‘आणखी उशीर केला असता तर अवघड होतं,’’ असे तिथले डॉक्टर म्हणाले. नऊ दिवसांनी ती घरी आली. त्यानंतर कधीतरी सदरा धुवायला टाकताना खिशातला तो कागद हाती लागला. त्यावर स्वच्छ छापले होते : चालताना दम लागत नाही.

तेव्हा उलगडा झाला. डॉक्टरांनी विचारले होते, ‘‘चालताना दम लागतो का?’’ त्यातले ‘दम लागतो’ हे दोन शब्द पुण्याहून निघाले, पण आमच्या गावी पोहोचले नाहीत. डॉक्टरांचा दोष नाही, अक्काचाही नाही. मधल्या वाटेवर दोन शब्द गळाले आणि एका माणसाचा जीव टांगणीला लागला.

या गोष्टीतला सल पुढेच आहे. अक्काचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पुण्यात एका कंपनीत आहे. त्याचे काम काय, तर अशीच थेट चित्रसंवादाची अ‍ॅप्स बांधणे आणि बांधलेली सुधारणे. साता समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकांच्या बैठका त्याच्या हातच्या कारागिरीवर चालतात. दिवाळीला तो गावी आला, तेव्हा मी तो कागद त्याच्यापुढे ठेवला. वाचून तो बराच वेळ गप्प बसला. मग अक्काचा फोन घेऊन घराच्या मधल्या खोलीत गेला आणि तिथून पुण्यातल्या मित्राला चित्रासह फोन लावला. दोन मिनिटांत बाहेर येऊन म्हणाला, ‘‘मामा, आम्ही हे सगळं ऑफिसात बसून तपासतो. तिथं कधी काही तुटतच नाही.’’

मला वाटते, या विषयावर जे काही सांगण्यासारखे आहे, ते त्याच्या या एका वाक्यात आले.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले. त्यामुळे ‘का’ विचारायची खोड जात नाही. भाच्याला बसवून घेऊन मी सगळे समजून घेतले. ते वाचकांनाही कळण्यासारखे आहे. आपण फोनवर बोलतो तेव्हा आपला आवाज सलग धारेसारखा जात नाही. त्याचे बारीक तुकडे होतात, त्यांची पाकिटे बांधली जातात आणि ती एकामागून एक धाडली जातात. आवाजाचे एक पाकीट बहुधा २० मिलिसेकंदांचे असते, म्हणजे एका सेकंदात अशी पन्नास. ‘दम लागतो’ म्हणायला अर्धा-पाऊण सेकंद लागतो. पंचवीस-तीस पाकिटे ओळीने हरवली, की दोन शब्द गेले. ती हरवतात का? तर वाट अरुंद आणि चित्राचे ओझे भारी. नीट ऐकू येईल अशा आवाजाला सेकंदाला तीसेक किलोबिट पुरतात. स्वच्छ, मोठ्या चित्राला हजार-दीड हजार लागतात. म्हणजे चित्राची गाडी आवाजाच्या सायकलीपेक्षा चाळीस-पन्नास पट रुंद. बोळात दोघे एकदम शिरले तर सायकलीचे काय होणार, हे सांगायला नको.

आमच्या धाराशिव जिल्ह्याच्या माणसाला हे पाण्याच्या भाषेत लवकर कळेल. धरणाचा तळ दिसू लागला, की आपण काय ठरवतो? आधी पिण्याचे पाणी, मग जनावरांचे, मग उसाचे. हा क्रम टंचाईत शिकवावा लागत नाही. थेट संवादात आवाज हे पिण्याचे पाणी आहे आणि चित्र हा ऊस आहे. त्या दिवशी समाजमंदिरात ऊस हिरवागार होता आणि माणूस तहानेला होता.

हे तंत्र दुर्मीळ राहिलेले नाही, हेही इथे सांगितले पाहिजे. ब्राउझरमधूनच आवाज-चित्राची देवाणघेवाण करणारे ‘वेबआरटीसी’ हे तंत्र गूगलने २०११ मध्ये सर्वांसाठी खुले केले आणि जानेवारी २०२१ मध्ये त्याला जागतिक मानकाचा दर्जा मिळाला. २०१२ मध्ये मानक ठरलेली ‘ओपस’ ही आवाजाची पद्धत तर अशी शहाणी आहे, की मागच्या पाकिटाची एक ढोबळ नक्कल पुढच्या पाकिटात ठेवता येते. एखादे पाकीट हरवले, तर पुढच्यातून ते भरून काढता येते. साहित्य बाजारात फुकट पडले आहे. प्रश्न स्वयंपाकाचा आहे, आणि स्वयंपाक कोणासाठी करायचा हे ठाऊक असण्याचा.

इथे मला पन्नास वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ आठवते. मी तेव्हा पाचवीत होतो. उमरग्याच्या पलीकडे, कर्नाटकातल्या आळंद तालुक्यात आमची मावशी राहायची. अक्काचे नुकतेच लग्न झालेले. तिच्याबरोबर मी मावशीकडे गेलो होतो. गावच्या शाळेपुढे सारे गाव जमले होते आणि ओट्यावर एक लाकडी पेटी होती. त्या पेटीत चित्र हलत होते, बोलत होते. छपरावर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची भली मोठी थाळी आकाशाकडे तोंड करून ठेवलेली. आमच्यापैकी कोणीही त्याआधी दूरदर्शन पाहिले नव्हते.

तो ‘साइट’ या नावाने गाजलेला प्रयोग होता. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असा वर्षभर अमेरिकेच्या नासा संस्थेचा ए.टी.एस.-६ हा उपग्रह भारताने वापरला आणि सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट अवकाशातून कार्यक्रम उतरवले. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे आपल्या शेजारचे जिल्हे होते. विक्रम साराभाईंचे ते स्वप्न, पण ते पूर्ण होण्याआधीच १९७१ मध्ये ते गेले. अहमदाबादच्या केंद्रात प्रा. यशपाल यांच्या नेतृत्वाखाली ते उतरवले गेले आणि त्याची व्यवस्था सांभाळली आपल्या मराठी एकनाथ चिटणीसांनी.

या प्रयोगाचे थोरपण उपग्रहात नव्हते. उपग्रह तर उसना होता. थोरपण होते ते खेड्याच्या टोकाकडून केलेल्या विचारात. थाळी स्वस्तातल्या जाळीची, कारण ती खेड्यात उभी राहायची होती. संच हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने बनवले, पण ते धूळ, ऊन आणि कमीजास्त होणारी वीज सोसतील असे. वीज नव्हती अशा काही गावांत ते बॅटरीवर चालवले. संच बिघडला तर दुरुस्तीला कोण येणार, हे आधीच ठरलेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, लोक काय पाहतात, काय समजतात, कधी उठून जातात, हे टिपायला संशोधक काही खेड्यांत मुक्काम ठोकून राहिले होते. आज संगणकवाले ज्याला वापरणाऱ्याचा अभ्यास म्हणतात, तो हाच.

त्या संध्याकाळी पडद्यावर एक बाई कानडीतून लेकराच्या खाण्यापिण्याविषयी सांगत होती. अक्काने संच सांभाळणाऱ्या गुरुजींना विचारले, ‘‘गुरुजी, ती बाई आपल्याला बघूलालीय का?’’ सगळे हसले. गुरुजी म्हणाले, ‘‘नाही बाई. तिनं बोलायचं, आपण ऐकायचं.’’ अक्का ओशाळली. पण प्रश्न वेडगळ नव्हता, तो पन्नास वर्षे लवकर विचारलेला होता, इतकेच. आज पडद्यावरचा माणूस खरोखरच आपल्याला बघतो आणि विचारतोही. म्हणूनच आजची जबाबदारी ‘साइट’च्या जबाबदारीपेक्षा मोठी आहे. त्या वेळी ऐकण्यात चूक झाली तर एक कार्यक्रम वाया जाई.

जो कोणी असे अ‍ॅप करून घेतो, त्याने पहिल्याच दिवशी एक भेद लक्षात घ्यावा. थेट प्रक्षेपण वेगळे आणि थेट संभाषण वेगळे. घरबसल्या तुळजाभवानीची आरती पाहणाऱ्याला चित्र वीस-तीस सेकंद उशिरा आले तरी काही बिघडत नाही. अशा कामात चित्राचे तुकडे आधी थोडे साठवून घेतात आणि मग दाखवतात. नळाला पाणी अधूनमधून आले तरी गच्चीवरची टाकी भरलेली असली की न्हाणीघरात धार तुटत नाही, तसेच हे. संभाषणाला अशी टाकी चालत नाही. बोललेले पलीकडे पोहोचायला सेकंदाचा सातवा भाग, म्हणजे १५० मिलिसेकंद, एवढाच उशीर चालावा असे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मार्गदर्शन आहे. उशीर ४०० च्या पुढे गेला, की दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात आणि म्हातारी माणसे गांगरून ‘हो हो’ म्हणून मोकळी होतात. पण आमच्याकडे दोन्ही कामांना एकच निविदा निघते, आणि ती बहुधा सर्वांत कमी दर भरणाऱ्याला मिळते.

जाणता कारागीर कसा ओळखावा, याची माझी कसोटी साधी आहे. जो सगळ्याला ‘होऊन जाईल’ म्हणतो, तो नव्हे. जो आधी प्रश्न विचारतो, तो. कोण कोणाशी बोलणार? फोन केवढ्याचा? किती वाजता? खोली कसली? दहा जणांची बैठक असेल तर मधे वाटप करणारा संगणक हवा, नाहीतर प्रत्येकाच्या फोनला आपल्या चित्राच्या नऊ प्रती धाडाव्या लागतील. हा मधला संगणक मुंबईत आहे की परदेशात, हेही तो विचारील. कारण लोहाऱ्याहून उमरग्याला जायचा शब्द समुद्र ओलांडून का यावा? वाट अरुंद झाली तर आधी चित्र लहान करायचे, मग त्याची हालचाल कमी करायची, मग एक स्थिर छायाचित्र ठेवायचे आणि सगळेच तुटले तर साधा फोन आपोआप लागला पाहिजे, अशी उतरंड तो आधीच कागदावर मांडील. आणि तपासणी? ऑफिसातही मुद्दाम पाकिटे हरवून पाहण्याची साधने असतात. ती वापरावीत, पण एक दिवस तरी स्लॅबच्या खोलीत, संध्याकाळी सातला, सगळे गाव मोबाइल उघडून बसलेले असताना, जुन्या फोनवर तपासावे. तुळजापूरला टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची शाखा आहे, धाराशिवला तेरणा अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. ही तपासणी करायला मुले पुण्याहूनच आणली पाहिजेत असे नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की फाइव्ह-जी आले, आता हे रडगाणे कशाला? माझे उत्तर असे, की रस्ता रुंद झाला म्हणून गाड्या कमी होत नाहीत. मनोऱ्याची ताकद साऱ्या गावात वाटली जाते, स्लॅबची भिंत पातळ होत नाही आणि अक्काचा फोनही बदललेला नाही.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. चित्राला इतके खाली ढकलता, पण जखम, पुरळ, जिभेचा रंग हे डोळ्यांनीच पाहायला हवे ना? अगदी मान्य. आणि हातवाऱ्यांच्या भाषेत बोलणाऱ्या मूकबधिर माणसाला तर चित्र हाच आवाज आहे. त्याच्यासाठी हा क्रम उलटा लावला पाहिजे. परदेशी गेलेल्या नातवाचा चेहरा पाहायला आसुसलेल्या आजीलाही मी ‘नुसते ऐक’ म्हणणार नाही. माझे म्हणणे इतकेच, की क्रम लावताना समोर एक माणूस धरावा. माणूस समोर नसला, की पडद्यावर जे देखणे दिसते तेच मोठे ठरते, आणि उद्घाटनाला येणाऱ्या पाहुण्यांना देखणेच दिसते.

ही सोय कामाची नाही, असा सूर मात्र कोणी लावू नये. २०१९ मध्ये सुरू झालेल्या सरकारच्या ई-संजीवनी सेवेत खेड्यातल्या आरोग्य केंद्रावर समुदाय आरोग्य अधिकारी रुग्णाच्या शेजारी बसतो आणि दूरच्या डॉक्टरांशी जोडून देतो. शेजारी माणूस असणे ही त्यातली कळीची गोष्ट आहे. आमच्या समाजमंदिरात ती मुलगी नेमकी त्या वेळी बाहेर पुढची नावे लिहीत होती. २५ मार्च २०२० ला, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, दूरवैद्यकाचे राष्ट्रीय नियम आले. त्यांतही चित्र, आवाज आणि लिखित मजकूर असे तिन्ही मार्ग मान्य आहेत. चित्रच हवे असा हट्ट नाही. शेजारच्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. स्काइपवरून मुलांना देशोदेशी फिरवून आणणारे हे गुरुजी. ते स्काइप मे २०२५ मध्ये बंद पडले. मला यात एक धडा दिसतो : साधन जाते, कोणाला काय दाखवायचे, काय विचारायचे, याची जी आखणी गुरुजी करतो ती उरते. म्हणून करारात एका कंपनीच्या नावाला बांधून घेऊ नये, आणि उद्घाटनाच्या फितीनंतर दोन वर्षे कोण पाहणार, हे मात्र बांधून घ्यावे.

आता भाच्याचे पुढचे सांगतो. त्याने आठवडाभर रजा वाढवली. संस्थेच्या लोकांना भेटला. त्यांनी अ‍ॅप बांधणाऱ्या मुलांना बोलावले. मला वाटले होते, वादावादी होईल. पण ती मुलेही गुणी निघाली. सगळे मिळून दोन दिवस समाजमंदिरात बसले. दुपारी ठीक चालले. संध्याकाळी सातला पार बोऱ्या वाजला. ‘‘हेच बघायचं होतं,’’ असे भाचा खुशीत म्हणाला, तेव्हा सरपंचांना काही कळेना. मग त्यांनी आवाजाला पहिला मान दिला आणि चित्राला उतरंड लावली. प्रत्येक संवादात आवाजाची किती पाकिटे हरवली, याची आपोआप नोंद होईल असे केले. म्हणजे पुढच्या महिन्यात सुधारणा करायची ती अंदाजाने नको. बोलणे साठवून ठेवायचे असेल तर आधी रुग्णाला विचारायचे, हेही ठरले.

आणखी एक सुधारणा झाली, ती संगणकातली नव्हे. ती अक्काने सुचवली. ती म्हणाली, ‘‘डागदरानं आपण काय लिवलं ते शेवटाला वाचून दाखवावं की. बाजारात वाणी न्हाई का यादी वाचून दाखवत?’’ कोणी हसले नाही. आता प्रत्येक सल्ल्याच्या शेवटी डॉक्टर आपण काय समजलो ते वाचून दाखवतात आणि ‘बरोबर आहे का?’ असे विचारतात. त्याला ना रेंज जास्त लागते, ना पैसा.

संक्रांतीनंतर अक्काला पुन्हा दाखवायला नेले. पलीकडे तेच डॉक्टर होते. ढगाळ संध्याकाळ, समाजमंदिरात गर्दी. चित्र सुरुवातीला बरे होते, मग अंधूक झाले, मग डॉक्टरांचा चेहरा जागीच थांबला. भिंतीवरचे कॅलेंडर तर दिसतच नव्हते. पण आवाज शेवटच्या अक्षरापर्यंत आला.

‘‘आजी, चालताना दम लागतो का?’’

अक्का क्षणभर थांबली. म्हणाली, ‘‘लागतो की. चढाला लागतो.’’

डॉक्टरांनी ते लिहून घेतले आणि वाचून दाखवले.